शेपटीची भुणभुण

शिंप्याच्या दुकानात कपडे घालून बघायची एक अरुंद खोली होती. पुढे पडदा, मागे उभा आरसा, बाजूला एक खुंटी. आरशाची डावी कड दाबली की तो दारासारखा उघडायचा, आणि पलीकडे खात्याची कचेरी. देशाला घातक माणसांवर नजर ठेवणारं ते खातं तिथे आहे, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना वाटे, त्या दोघी बहिणी काज-बटणं करायला येतात. त्यांच्या आईलाही तसंच वाटे. आणि धाकटी खरोखरच काज-बटणं करायची, कारण आरशापलीकडे तिला फारसं काम नसे.

थोरलीला सगळे ताई म्हणत, बापाच्या वयाचे साहेबसुद्धा. ताई भिंतीतून आरपार जायची. पाण्यात उतरावं तशी विटांत उतरायची आणि पलीकडे केस सारखे करत बाहेर पडायची. हे एकदा पाहिलेला माणूस पुढे कितीतरी दिवस भिंतींकडे वेगळ्याच नजरेने बघे.

धाकटीलाही देवाने रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. भिंतीवर तळवा टेकवला की त्या खोलीत बोलून गेलेली माणसं तिला ऐकू येत. पण भांड्याने ऊब धरावी तसं भिंत बोलणं धरते, दोन-चार दिवसांत सगळं गार. शिवाय माणसं बंद दाराआड खलबतं कमी करतात आणि चहाड्या जास्त.

"काय ऐकलंस?" साहेब विचारत.

"पंखा फार आवाज करतो म्हणाले. आणि साहेबांचं पोट सुटलंय म्हणाले."

"कुठल्या साहेबांचं?"

"त्यांच्या."

खोलीत हशा पिके, आणि धाकटीचं काम त्या हशातच संपून जाई.

तिच्या वाट्याला नेमाने येई ते चपलांचं काम. ताईच्या अंगावरचे कपडे भिंतीतून जात, पायातलं आणि हातातलं मात्र अडके. का, ते तिलाही सांगता येत नसे. म्हणून ती भिंतीपाशी चपला काढी. धाकटी त्या पिशवीत घाली आणि जिने उतरून, रस्ता ओलांडून, पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून वळसा घालून पलीकडच्या भिंतीपाशी नेऊन ठेवी. वाटेत तिचं काळीज तोंडाशी येई. म्हणून ती गुणगुणे. आईने लहानपणी शिकवलेली प्रार्थना, शब्द गाळून नुसती चाल. सदा ताईच्या मागे म्हणून तिला खात्यात शेपटी म्हणत. ताई भिंतीत शिरण्याआधी दरवेळी मान वळवून म्हणे, "शेपटे, तुझी भुणभुण चालू ठेव हं." की पुन्हा सगळे हसत.

सोळावं सरलं तशी धाकटी हसण्यात सामील होईनाशी झाली.

"काका, माझ्यात काय कमी आहे?" एकदा तिने शिंप्याला विचारलं.

शिंपीकाका तोंडात टाचण्या धरून बोलत. "कमी काही नाही. पण सूर्य डोक्यावर असताना कंदिलाकडे कोण बघतो गं?"

"मग कंदिलाने काय करायचं?"

"वात सांभाळायची," काका म्हणाले आणि बाही उसवायला लागले.

तिला ते पटलं नाही. ती आरसा ढकलून सरळ साहेबांपुढे उभी राहिली. यापुढे चपला उचलणार नाही, स्वतःचं काम द्या, म्हणाली. साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई काही बोलणार होती, तिचे ओठ हललेही, पण सगळ्यांच्या देखत ती नुसती हसली. "देऊन टाका साहेब," म्हणाली. "एवढी मोठी झाली, किती दिवस माझ्या चपला वाहील?"

त्या आठवड्यात ताईला कोपऱ्यावरच्या तीन मजली कचेरीत जायचं होतं. तिथली माणसं शहराच्या पाण्यात विष मिसळायच्या बेतात होती, आणि विषाची बाटली आतल्या बंद खोलीत होती. चपला न्यायचं काम साहेबांनी गाडीवाल्याकडे दिलं. गाडीवाला भरवशाचा, मोजकं बोलणारा. धाकटीला एका दवाखान्यात बसवलं, भिंत ऐकायला. तिथे तिने दिवसभर लोकांच्या गुडघेदुखीच्या तक्रारी ऐकल्या आणि आपलं स्वतःचं काम म्हणून त्यातही सुख मानलं.

बाटली मिळाली. ताईने ती खिडकीतून खाली दोरीने सोडली आणि परत भिंतीत शिरली. पलीकडे चपला ठरल्या जागी होत्या, अगदी जोडीने. गाडीवाला त्यांच्याशेजारी श्वास रोखून उभा होता. संध्याकाळ झाली तरी त्या चपलांत कुणी पाय घातले नाहीत.

मग धाडी पडल्या, माणसं धरली गेली, इमारतीला कुलूप लागलं. खात्याने भिंती ठोकून पाहिल्या, दोन ठिकाणी फोडूनही पाहिल्या. ताई सापडली नाही. आईला सांगितलं की मुलीला कामासाठी परदेशी पाठवलंय.

"परदेशात एवढं कसलं शिवणकाम?" आईने विचारलं. धाकटी सुईत दोरा ओवू लागली. आई देवापुढे बसली ती बराच वेळ उठली नाही. आईची प्रार्थना सुरू झाली की पूर्वी धाकटीचे ओठ आपोआप हलत. आता ते हलेनात. तिची गुणगुण त्या दिवशी दवाखान्यातच कुठेतरी राहून गेली होती.

कचेरीत ताईचा फोटो लागला. जिवंतपणी ताई निदान अधूनमधून बाहेरगावी जायची. फोटो कुठेच जात नव्हता. येणारा जाणारा त्याच्यापुढे क्षणभर थांबे, आणि मग धाकटीकडे पाहून सुस्कारा टाके. पण हेही खरं की साहेब तिला आता "शेपटी" म्हणत नव्हते. ताईची खुर्ची तिला मिळाली. चहा आधी तिच्यापुढे येऊ लागला. तो पिताना तिला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून ती कप अर्धाच ठेवी.

महिनाभराने साहेबांनी तिला त्याच इमारतीत पाठवलं. धरलेली माणसं काही कबूल करत नव्हती, एखाद्या भिंतीत काही उरलं असेल तर बघ, म्हणाले. आत धूळ, उलटलेली टेबलं, भिंतीवर मागच्या महिन्याचं कॅलेंडर. तिने तळवा टेकवला. भिंत थंडगार होती. दुसरी, तिसरी, सगळ्या थंड. ती निघणार, एवढ्यात जिन्याकडच्या भिंतीत तळव्याखाली ऊब लागली. आणि अगदी जवळून आवाज आला.

"शेपटे, भुणभुण कुठाय?"

तिने हात काढून घेतला. पुन्हा टेकवला. "इथे काही दिसत नाही गं. भुणभुण कुठाय?"

भिंतीच्या पोटात उजेड नसतो, दिशा नसते. हे धाकटीला त्या जिन्यावर बसून समजलं. इतकी वर्षं ताई केस सारखे करत अचूक चपलांपाशी निघायची, ती धाकटीच्या गुणगुणण्याचा माग धरून. थट्टा म्हणून जे ऐकलं, ती विनवणी होती. सूर्याला तेवढं एक कबूल करायची लाज वाटली होती, आणि ती लाज राखायला सगळी कचेरी हसली होती. गाडीवाल्याने चपला बरोबर ठेवल्या. फक्त तो शहाण्या माणसासारखा गप्प उभा राहिला.

तिने धावत येऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भिंत बोलणं धरून ठेवते, हे तूच आम्हाला शिकवलंस ना?"

"हो, पण दोन-चार दिवस. आता महिना झाला, आणि भिंत अजून ऊन आहे."

"भिंत जाड असेल. बाळ, आम्हालाही ती हवीच होती. पण गेलेलं माणूस असं हाका मारत राहिलं, तर मागे राहिलेल्याने कसं जगायचं?" मग ते हळूच म्हणाले, "ती इमारत या आठवड्यात पाडणार आहेत. बरंच होईल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती चपलांची पिशवी घेऊन गेली तेव्हा वरच्या मजल्याची कौलं उतरली होती. मजूर जेवायला बसले होते. मुकादमाने तिला दारात अडवलं.

"कुठे?"

"माझ्या बहिणीच्या चपला आत..."

"आत राहिल्यात?"

"नाही, आत न्यायच्यात."

मुकादमाने पिशवीत डोकावून पाहिलं. "या त्याच?"

"याच."

"लोक पडक्या घरातनं वस्तू बाहेर काढतात, तू आत नेतेस." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. "आमचं जेवण होईस्तोवर. नंतर घण चालू झाला की मी जबाबदार नाही."

ती जिन्यापाशी गेली. तळव्याखाली काही नाही. खोली, बोळ, पुन्हा खोली. ताई भिंतीभिंतीतून भटकत होती, आंधळ्याने घर चाचपावं तशी. धाकटीने गुणगुणायला तोंड उघडलं. पहिला सूर फाटका निघाला. मग चाल सापडली. एक हात भिंतीवर आणि एका हातात पिशवी घेऊन ती सावकाश चालू लागली. मागच्या बोळात भिंत कोमट झाली. ती थांबली, तशी भिंत ऊन झाली. पलीकडे कुणीतरी तिच्याबरोबर चाललं होतं.

रस्त्याकडच्या खोलीत भिंत धड होती. तिने चपला तिच्या पायथ्याशी जोडीने ठेवल्या, मागे सरली आणि गुणगुणत राहिली.

आणि तिथे, का कोण जाणे, तिला ताईची खुर्ची आठवली. चहाचा कप आठवला. ताई आली की फोटो उतरेल, खुर्ची जाईल, कचेरीत पुन्हा हशा पिकेल, आणि ही पिशवी जन्मभर हातात राहील. कुणी ऐकत नव्हतं. साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं की बरंच होईल. तिचा सूर थांबला.

खोलीत इतकं शांत झालं की बाहेर मजुरांनी डबे बंद केलेले ऐकू आले.

भिंतीतून आता शब्द आले नाहीत. लहानपणी दिवे गेले की ताई अंधारात धाकटीचा फ्रॉक मुठीत धरायची. ते धाकटीने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ताईनेही नव्हतं. भिंतीतून तसाच श्वास आला, मुठीत काहीच न सापडलेल्या मुलीचा.

"आहे मी," धाकटी म्हणाली आणि एवढ्या मोठ्याने चाल धरली की मुकादम दारापर्यंत आला.

आधी बोटं आली. नखांत चुना होता. मग कोपर, मग खांदा, मग केस. ते सारखे करायला हात वर गेला नाही. ताई चपलांत पाय घालायलाही विसरली. तिने पुढे होऊन धाकटीच्या बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं. ती काहीतरी बोलत होती, ओठ भराभर हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

धाकटीने भिंतीला हात लावला. आवाज तिथे होता.

"आत हाका मारमारून मी..." भिंत म्हणाली आणि ताईचे ओठ त्याच शब्दांवर हलले. आवाज विटांतच राहिला होता. माणूस तेवढं बाहेर आलं.

मुकादम पाय मागे घेत घेत रस्त्यावर गेला. बऱ्याच वेळाने धाकटीने त्याला हाक मारली आणि त्या भिंतीतली एक वीट नीट काढून मागितली. त्याने ती देताना अंगरख्याच्या टोकाने धरली, जणू निखारा होता.

ताई घरी आहे. साहेब येऊन गेले, फोटो उतरवला म्हणाले. खुर्ची तुझ्याकडेच राहू दे, असं त्यांनी धाकटीला सांगितलं. आता साऱ्या खात्यात ताईचं बोलणं समजणारी ती एकटीच, आणि तिच्याशिवाय ताईला कोण ऐकणार. हे सांगताना साहेबांना वाटलं असावं की पोरीला आनंद होईल. ती म्हणाली, "बघते." चहा तिने घेतला नाही.

परदेशातून मुलगी अनवाणी आणि मुकी आली, तर आईने विचारायचं तरी काय. तिने थोरलीच्या पलंगाची जागा खोलीच्या मधोमध केली, कारण ती भिंतीला टेकत नाही. शिंपीकाकांनी मऊ कापडाची पिशवी शिवून दिली, तीत वीट असते. ताईचे ओठ हलले की धाकटी पिशवीत हात घालते आणि आईला सांगते, पाणी हवंय, खिडकी लाव, तुझे केस किती पिकले गं.

काल दुपारी ताईला झोप लागली होती. ओठ मिटलेले, चेहरा शांत. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीचा हात सहज पिशवीवर गेला, आणि वीट ऊन लागली.

"शेपटे," वीट म्हणाली, "भुणभुण कुठाय?"

धाकटीने झोपलेल्या बहिणीकडे पाहिलं.

"काय म्हणते?" आईने घडी हातात धरून विचारलं.

"काही नाही. झोपलीय ती."

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि गुणगुणू लागली. आईने ती चाल ओळखली आणि हळूच तिच्यात शब्द घातले. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असेल, मायलेकी प्रार्थनेला बसल्यात.