नऊ की पंचेचाळीस?

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग ते मावळतं. तेहतीस वर्षं महाराष्ट्र पोलिसांत काढून मी निवृत्त झालो आणि मुलाकडे कॅनडात ब्रॅम्पटनला राहायला आलो. इथं ना हद्द, ना हवालदार, ना स्टेशन डायरी. तरी एक केस माझा माग काढत आलीच.

खबर फोनवर आली. खबर देणाऱ्या होत्या आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त इंजिनियरसाहेबांच्या पत्नी.

"भाऊ, जरा येऊन जाता का? ह्यांचं डोकं फिरलंय. पिस्तूल भरून उशाशी ठेवणार म्हणतात."

साहेब नेमबाजीच्या क्लबचे जुने सभासद. रीतसर लायसन्सची दोन पिस्तुलं त्यांच्याकडे होती, एक नऊ मिलिमीटरचं आणि एक पंचेचाळीस कॅलिबरचं, म्हणजे त्याहून जाड गोळीचं. दोन्ही बेसमेंटमधल्या पेटीत, रिकामी आणि कुलूपबंद. गोळ्या वेगळ्या कपाटात. पण गेल्या आठवड्यात शेजारच्या ड्राइव्हवेतून गाडी चोरीला गेली आणि साहेबांची झोप उडाली.

वहिनींची झोप वेगळ्याच कारणानं उडाली होती. "जावई दर शनिवारी सकाळी दारातला बर्फ शोव्हल करायला येतो. स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत येतो. ह्यांना धड ऐकू येत नाही, चष्म्याशिवाय दिसत नाही. एखाद्या दिवशी त्यालाच चोर समजले तर मी लेकीला काय तोंड दाखवू?"

मी दुपारीच गेलो. चौकशीचा माझा एक नियम आहे. आधी समोरच्याला बोलू द्यावं. पोलीस गप्प बसला की माणूस आपणहून सगळं ओकतो. साहेबांनी तर लगेच दोन्ही पिस्तुलांची तुलना करणारा आलेखाचा कागदच पुढे केला.

"हे बघा इन्स्पेक्टर. नऊला धक्का कमी, गोळ्या जास्त मावतात. पंचेचाळीसची गोळी जाड, पण माझं मनगट दुखतं. तुम्ही अनुभवी. घरासाठी कोणतं?"

"साहेब, मी सगळ्या नोकरीत एकदाच गोळी झाडली. तीही हवेत. तरी सरपंचांच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं."

"विषय टाळू नका."

"बरं. घराच्या रक्षणासाठी पिस्तूल हे कारण इथल्या कायद्यात बसतच नाही. उशाशी भरलेलं सापडलं तर चोर राहील बाजूला, बेड्या तुम्हाला पडतील. शिवाय ह्या तुमच्या पुठ्ठ्याच्या भिंती. कुठलीही गोळी आरपार जाईल."

"कायदा मला पाठ आहे. तुम्ही कॅलिबर सांगा."

पालथ्या घड्यावर पाणी! आयुष्यभर सराईत गुन्हेगार हाताळले, पण शिकलेल्या माणसाच्या हट्टापुढे माझी वर्दीसुद्धा हरली असती. शेवटी मी ठरवलं, घटनेचं प्रात्यक्षिकच करून घ्यायचं.

"मी चोर. बाहेरून आत येतो. तुम्ही वर बेडरूममध्ये पडून राहा. चाहूल लागली की खाली जाऊन पेटी उघडायची, आत हात घालायचा नाही. पिस्तुलाऐवजी हा टीव्हीचा रिमोट घ्यायचा आणि चोर पकडायचा."

मी बाहेर जाऊन दार ढकलून आत आलो आणि सवयीनं बर्फाचे बूट काढून मॅटवर नीट ठेवले. चोराला हे शोभत नाही हे नंतर सुचलं. वर काहीच हालचाल नाही. खोकलो. मग चक्क शिट्टी वाजवली. तेव्हा कुठे साहेब उठले. चष्मा शोधला. बेसमेंटमध्ये उतरले आणि खालून हाक आली, "अगं, पेटीचा नंबर काय गं?"

"आपल्या लग्नाची तारीख!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या.

खाली एक-दोन बटणं दाबली गेली. मग दबक्या आवाजात, "म्हणजे किती?"

वहिनींनी चोरादेखत तारीख सांगितली. तोवर मी सोफ्यावर बसून तिसरी चकली संपवत होतो. अखेर साहेब रिमोट रोखून जिना चढले. कॉरिडॉरमध्ये सावली हलली आणि ते गरजले, "ठो! ठो!"

समोर वहिनी उभ्या होत्या, हातात चोरासाठी केलेला चहा.

मी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. साहेबांचा रिमोट अजून वहिनींच्या छातीवर रोखलेला होता. वहिनींनी कप टेबलावर ठेवला.

"आता सांगा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला लागली ती नऊची की पंचेचाळीसची?"

साहेब रिमोट खाली ठेवून जिन्यावर बसले. मग म्हणाले, "तू पेटीचा नंबर बदल. मला सांगू नकोस."

वहिनींनी त्याच दिवशी नंबर बदलला. साहेबांनी तो आलेखाचा कागद फाडला आणि दाराला मोठ्या आवाजाची बेल बसवून घेतली. जावई आता शनिवारी किल्ली असूनही बेल वाजवतो.

नोकरीत मी शेकडो पंचनामे लिहिले. घाबरलेल्या माणसाची गोळी बहुतेक वेळा घरच्याच कुणाला तरी लागते, हे त्यांत वारंवार लिहिलं होतं. पण ते मला खरं समजलं त्या दुपारी, तोंडात चकली असताना. वहिनींनी तो चहा मलाच दिला. थंड झाला होता, तरी मी निमूटपणे प्यायलो.