लॅपटॉपचं दावं

चि. ईशा आणि चि. निहार,

परवा फोनवर ईशाने विचारलं, “आजी, कॉलेजसाठी नवा लॅपटॉप घेऊ की कुणाचा वापरलेला? पैसे फार नाहीत.” मागून निहार ओरडला, “आधी विचार, तिचा कुणी निवडला!” त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. माझा लॅपटॉप बैलांच्या दलालाने निवडला. जगात विकायला निघालेल्या प्रत्येक वस्तूला दात असतात आणि ते मोजल्याशिवाय तिला हात लावू नये, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो हा.

नात्याने ते तुमच्या आजोबांचे मामेभाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी. त्यांची हयात जनावरांच्या बाजारात गेली. बैल घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहून, दोघांचे हात उपरण्याखाली घेऊन, बोटांनी सौदा जमवायचा हा त्यांचा धंदा. बाजार सुटला तरी नजर सुटली नाही. आमच्याकडे आले की खुर्चीत बसण्याआधी तिचे चारही पाय दाबून बघणार. माझ्या फ्रीजला एकदा कान लावून म्हणाले, “वहिनी, ह्याला धाप लागतीय,” आणि पंधरा दिवसांत फ्रीज बंद पडला. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी काही एक न विचारता अंगणाच्या त्या टोकापर्यंत पाणी आणायला धाडलं आणि तो परत येईपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चाल चांगली हाय, पर उजव्या पायावर भार देत न्हाय.” मुलाचे वडील गोरेमोरे झाले, लहानपणी त्याचा पाय मोडला होता. लग्न झालं, सुखाचं झालं. स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तर त्यांनी डॉक्टरांनाच दोन्ही हात पुढे धरायला लावले. बोटं स्थिर आहेत असं दिसल्यावर मगच म्हणाले, “हां, आता करा.”

बोटांवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरू लागला. तुम्हाला आठवत असेल, निहारच्या वाढदिवसाला मी चार पानी पत्र पाठवलं होतं आणि त्याचं उत्तर आलं, “आजी, पहिलं पान वाचता आलं, पुढचं बाबांनाही लागलं नाही.” मी ते उत्तर घडी करून कपाटात ठेवलं. मोबाइलवर लिहायला जावं तर एक अक्षर दाबताना शेजारची तीन दाबली जात. डॉक्टर म्हणाले, कागदावरचं लिहिणं दिवसेंदिवस अवघड होईल, मोठ्या बटणांवरचं बरीच वर्षं जमेल. तुमच्याशी नुसतं ‘जेवलात का, थंडी आहे का’ एवढंच बोलत राहायचं की काय, ही भीती मला हाताच्या थरथरण्यापेक्षा मोठी वाटत होती. म्हणून लॅपटॉप.

माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. वहीत पट्टीने सहा रकाने आखले: मेमरी, पडदा, बॅटरी, वजन, हमी, किंमत. आठ दिवस इंग्रजी माहिती वाचून ते भरले. नेमके त्या दिवशी भावजी आले, वही उलटी धरून बघितली आणि म्हणाले, “ह्यात सवभावाचा रकाना कुठंय?”

“मशीनला कसला आलाय स्वभाव, भावजी?”

“आसं कसं? कुणी राबवलं, कसं राबवलं, त्याच्यावर हाय सगळं. चला, म्या येतो.”

धाराशिवच्या दुकानात विक्रेत्याने नवे तीन लॅपटॉप मांडले. बिचारा अगदी नम्र होता. भावजींनी पहिल्याच्या कडा चाचपल्या, उलटा करून पोट बघितलं, भोकांमधून फुंकर मारली. “दात किती?” विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. “किती सालचा आहे, असं विचारतायत,” मी म्हणाले. “काका, एकदम कोरा आहे, आजच खोका फोडला,” तो उत्साहाने म्हणाला. भावजींचा चेहरा पडला. बाहेर येऊन त्यांनी मला समजावलं, “वहिनी, कोरं वासरू घिऊन तुमी काय करणार? त्येला बी काय येत न्हाय, तुमाला बी काय येत न्हाय. दोघं मिळून शेत तुडवत बसाल. शिकवल्यालं घ्या.” मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई, पण खरं सांगते, माझ्या सहा रकान्यांत एवढी पटणारी गोष्ट एकही नव्हती.

मग त्यांनी बाजारातल्या जुन्या ओळखी हलवल्या. कळंबच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचा लॅपटॉप विकायचा आहे, अशी खबर तिसऱ्या दिवशी आली. एसटीने गेलो. मुलगी चुणचुणीत, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. प्रत्येक बटणावर तिने मराठी अक्षरांच्या बारक्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्या बघूनच माझा जीव गुंतला, पण भावजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“का इकती, बाळा?” त्यांनी विचारलं.

“लातूरला नोकरी लागली, काका. तिथं ऑफिसनं दुसरा दिलाय. हा नुसता पडून राहतो, बघवत नाही.”

भावजींनी माझ्याकडे वळून मान हलवली. “काम न्हाय म्हणून इकणं येगळं, काम करत न्हाय म्हणून इकणं येगळं.” ईशा, हे वाक्य लिहून ठेव. वापरलेलं काहीही घेताना हा एक प्रश्न विचारलास तरी निम्मं काम होईल.

“खोड सांग आता. खोड न्हाय आसं जनावर नसतंय.”

मुलीने हसू दाबून प्रामाणिकपणे सांगितलं, “डावीकडची बिजागरी ढिली आहे. दुपारच्या उन्हात तापतो, तेव्हा पंखा आवाज करतो. बाकी काही नाही.”

“बास. वहिनी, जुंपा.”

“म्हणजे?”

“नांगराला जुंपल्याबिगर बैल घेतो का कुणी? तासभर चालवा.”

आणि खरोखरच, बाहेर ऊन मी म्हणत असताना, पत्र्याच्या खोलीत मी शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रातली सोयाबीनची बातमी एकेका बोटाने तासभर टाइप केली. भावजी बाजूला उकिडवे बसून पंख्याचा आवाज ऐकत होते. मधेच तळहात खाली घालून ऊब बघत. तासाने म्हणाले, “तापतोय, पर आडत न्हाय.” मग उपरणं पसरलं. मुलीच्या वडिलांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी लगेच हात खाली घातला. दोघं आढ्याकडे बघत बसले. उपरणं दोनदा हललं, एकदा झटकलं गेलं, पुन्हा हललं. “भावजी, काय ठरतंय ते मला कळेल का?” मी विचारलं. “बाजारात मधी बोलू नये, वहिनी,” ते वर बघतच म्हणाले. सौदा माझ्या अंदाजाच्या आतच बसला.

मुलीच्या आईने मला आत नेऊन हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मी बाहेर आले तोवर भावजींनी लॅपटॉप आपल्या पिशवीत घातला होता. सगळे कसे समाधानाने हात जोडत होते! दोघं घरी पोहोचलो, मी टेबलावर कापड अंथरलं, लॅपटॉप ठेवला, तुम्हाला ‘प्रिय’ एवढं लिहिलं आणि कोपऱ्यात लाल खूण आली. बॅटरी संपत होती. पिशवी उलटी केली. चार्जर नव्हता.

“भावजी, चार्जर कुठंय?”

“कंचं?”

“काळी दोरी हो, लांब! ठोकळा असतो मधे!”

“हां, दावं! ते त्येंच्याकडं ठिवलं की.” ते शांतपणे म्हणाले. “जनावर इकलं तरी दावं देत नसतेत, वहिनी. दावं गेलं की इकणाराच्या दावणीची लक्षुमी जाती. ती पोरगी देत होती, म्याच तिच्या हातात परत दिलं. तिच्या बापानं बी मान हलवली.”

“अहो, ते दावं नव्हे, ती वैरण आहे! त्यातून खातो तो!”

त्यांनी काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. “म्हंजी म्या उपाशी आणलं ह्येला,” ते हळूच म्हणाले.

मी म्हणाले, कळंबला फोन करू, चार्जर मागवून घेऊ. त्यावर ते ताठ झाले. “दिल्यालं दावं माघारी मागू? तसलं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उपरण्यात गुंडाळून, छातीशी धरून, ते दुसरा चार्जर शोधायला सोलापूरच्या गाडीत बसले. त्या दुपारी कळंबच्या मुलीचाच फोन आला. “आजी, चार्जर इथंच राहिला. काका घेईनात, मला वाटलं तुमच्याकडं दुसरा असेल. पाठवून देऊ का?” पैसे वाचत होते, त्रास वाचत होता, माझ्या वहीतल्या प्रत्येक रकान्याचं म्हणणं ‘हो’ असंच होतं. पण गाडीत छातीशी गाठोडं धरून बसलेला तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी म्हणाले, “राहू दे बाळा. ते तुमच्याच घरी असतं.”

भावजी संध्याकाळी परतले. पाच दुकानांत पाच चार्जर लावून पाहिले होते, म्हणे. एकाची पिन जाड, एकाची बारीक, एक तापट. सहावा शहाणा निघाला. वायर खोचली, दिवा लागला, आणि ते बैल पाणी पीत असताना उभं राहावं तसे भिंतीशी मुकाट उभे राहिले.

तुम्हाला पत्र लिहायला मला चार दुपारी लागल्या. ईमेलने पाठवलं तेव्हा भावजी शेजारीच होते. “पोचलं?” “पोचलं.” “आन वाचलं का?” त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ईशाने लिहिलं होतं, “आजी, सगळं वाचलं. दोनदा.” मी त्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, “वहिनी, माझी बी लिवा की.”

“कुणाला पत्र पाठवायचंय?”

“पत्र न्हाय. बैलं. म्या ज्येंचे सौदे केले, त्येंची नावं. समदी ध्यानात हायेत, पर मला सहीच्या म्होरं लिवता येत न्हाय. आन आता ट्रॅक्टर आले, बाजारात कोण इचारतंय?”

त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन दुपारी ते यायचे. डोळे मिटून सांगायचे, मी एकेका बोटाने टिपायची: नाव, रंग, कुठून आला, कुणाकडे गेला. कुणाचं शिंग वाकडं, कोण पोळ्याला हार खायचा, कोण मालक बदलल्यावर तीन दिवस चाऱ्याला शिवला नाही. मधूनच विचारायचे, “कुठवर आलो?” मी सांगायची, “दुसरं पान.” “आजून लई हायेत,” म्हणून हसायचे.

दसऱ्यापासून ते नळदुर्गला लेकीकडे असतात. गुडघे गेले आणि आठवणही आता कधी असते, कधी नसते. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तर मला त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. लॅपटॉप सोबत नेला होता. मी यादी वाचू लागले. ते खाली बघत ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली. एका नावाशी मान वर केली आणि म्हणाले, “डावं शिंग मोडलं होतं. उजवं न्हाय.” मी तिथेच ते दुरुस्त केलं.

यादी तीन पानांची झाली आहे. शेवटच्या ओळीत आहे ‘माणक्या, पांढरा, मुरूमहून’. तो कुणाकडे गेला, हे त्यांना आठवलं नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आहे. प्रत या पत्रासोबत जोडते. नावं सगळी नीट वाचता येतात.

तुमची,
आजी