बाई जरा कडक आहे

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आंघोळीच्या वेळी. तिला सांभाळायला ठेवलेल्या बाईने गिझरचं कढत पाणी, विसण न घालता, तिच्या मांड्यांवर ओतलं. रात्री ताईचे कपडे ओले झाले होते, त्याची ही शिक्षा. ताई ओरडली तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मिक्सर चालू होता.

ताईचे हातपाय जन्मापासून तिच्या ताब्यात नाहीत. डोकं पूर्ण ताब्यात आहे. ती बोलते, पण तुटक आणि सावकाश. पाहुणे तिच्यासमोरच आईला विचारतात, ही काय म्हणतेय? बाबा गेले, आईची कंबर गेली, मी दिवसभर बाहेर. म्हणून बाई ठेवायचं ठरलं.

त्याच महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. त्या मुलाची चौकशी कशी झाली ते ऐका. मामा चिरनेरपर्यंत जाऊन आला. मुलगा पितो का, आधी कुठे जमलेलं मोडलंय का, त्याच्या बहिणीने पळून जाऊन लग्न केलंय का, हे शेजाऱ्यांना, दुकानदाराला, चुलत्याच्या व्याह्यांना विचारून झालं. मी धडधाकट आहे, वेळ पडली तर कानाखाली वाजवू शकते, आणि माझ्यासाठी एवढी पायपीट. जिला स्वतःच्या गालावरची माशी हाकलता येत नाही, तिला ज्या हातांत द्यायचं त्या हातांची चौकशी एका फोनवर आटोपली.

नाही, त्याआधी दोन प्रश्न विचारले होते. आडनाव काय आणि घरात काय शिजतं. आपटा गावाकडच्या एका वाडीवरून एक बाई आली होती. तिचं आडनाव ऐकून आईने चहासाठी वेगळा कप काढला आणि कळवतो म्हणून तिला वाटेला लावलं. दुसरीचं आडनाव ऐकल्यावर आईचा चेहरा खुलला. आपल्यातलीच निघाली गं, म्हणाली. घरकामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोवाल्याने तिच्या पोलीस तपासणीचा कागद पुढे केला. त्या कागदाचा अर्थ एवढाच, की हिच्याविरुद्ध कोणी कधी तक्रार लिहून दिलेली नाही.

मग तो फोन. ही बाई आधी नवीन पनवेलमध्ये एका अर्धांग झालेल्या म्हाताऱ्याला सांभाळायची. त्याच्या सुनेने आईला सांगितलं, "काम स्वच्छ आहे. जरा कडक आहे, एवढंच."

आईला ते आवडलं. आमच्याकडे कडक असणं हा गुण आहे. हेडमास्तर कडक लागतो, चहा कडक लागतो, सासू कडक असली तरी लोक कौतुकानेच सांगतात.

पहिल्या आठवड्यातच ताई म्हणाली होती, "मारते." मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, नवीन माणूस आहे, हिला सवय नाही. पुढच्या आठवड्यात ताईने ते बोलणं सोडून दिलं, आणि आईने ते सवय झाल्याचं लक्षण मानलं. मी मोर्च्यांना जात होते. अपंगांच्या हक्कांची पत्रकं स्टेशनबाहेर वाटत होते.

भाजल्याच्या दिवशी बाईला काढलं. मी तक्रारीचं बोलले, तर आईने दार लोटून घेतलं. तुझी बोलणी चालू आहेत, म्हणाली, पोलीस दारात आले तर त्या लोकांच्या कानावर काय जाईल? ताई समोर पलंगावर होती, मांड्यांवर मलम, चादरही सहन होत नव्हती.

"ती काही मेली नाहीये," आई म्हणाली.

मी नवीन पनवेलला त्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. त्याचं एक अंग गेलंय, जीभ शाबूत आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने चालत्या हाताने दुसऱ्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर चिमट्यांचे जुने डाग होते.

"हे तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुमच्या आईने फोन सुनेला केला," तो म्हणाला. "माझ्या हातात कोणी दिलाच नाही."

सून दारातच उभी होती. लाजली वगैरे नाही. वाईट सांगितलं असतं तर ब्युरोने आम्हाला दुसरी बाई दिली नसती, म्हणाली. आणि तुमच्या घरी काय व्हायचं ते तुम्ही बघायचं. मी तिला तिथेच सुनावलं. घरी येताना वाटभर मला वाटत होतं, जगात एवढी नीच बाई दुसरी नसेल.

पंधरा-वीस दिवसांनी पनवेलजवळच्या कोन गावाहून आईला फोन आला. आमची बाई तिथे एका घरी कामाला लागत होती, चौकशीसाठी त्या घरच्यांनी केला होता. आई गॅलरीत जाऊन बोलली, पण खिडकी उघडी होती. "हो हो, काम स्वच्छ आहे," आई म्हणाली. "जरा कडक आहे."

मी ऐकलं. ताईनेही ऐकलं. तिने मान माझ्याकडे वळवली.

"फोन लाव."

आई आत आल्यावर मी तिच्या हातातून फोन घेतला, तोच नंबर लावला आणि ताईच्या तोंडाशी धरला. ताई बोलली. एकेक शब्द ओढून काढत बोलली, "तिने. मला. भाजलं."

पलीकडून आवाज आला, "कोन बोलतंय? लाइन खराब हाय."

मग मी सगळं सांगितलं. बोलत होती ती त्या घरातली आई. बाई जिच्यासाठी हवी होती ती तिची मुलगी एक शब्दही बोलत नाही, हे तिने मला तेव्हाच सांगितलं.

"आताच तुमची आय चांगलं बोलली ना?" ती म्हणाली. "आता मी कोनाचं खरं धरू? बाई नाय आली तं मी कामाला कशी जाऊ?"

आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी ताईला रिक्षात घालून पोलिसांत नेलं. हवालदाराने मला विचारलं, यांना समजतं का? समजतं, ताई म्हणाली. त्याने जबाब घेतला, आणि खरं सांगायचं तर थांबून, विचारून, नीट घेतला. उशीर का केलात, हेही विचारलं. ताईने आईचं नाव घेतलं नाही. मी घेतलं. स्थळ मोडलं. आई आता माझ्याशी बोलत नाही, ताईला मात्र रोज ऐकवते, तुझ्यापायी हिचं राहिलं.

आणि बाई कोनलाच आहे. तक्रार पोलिसांत आहे, पण कोनच्या घरी तो जुना, स्वच्छ कागद आहे, आणि तो पुन्हा तपासून आणा असं ब्युरोला कोणी म्हणत नाही. त्या मुलीला तर "मारते" एवढंही म्हणता येत नाही.

तुम्ही बाई शोधत असाल तर आधीच्या घरी स्वतः जा, सुनेला बाहेर थांबायला सांगा आणि जिला किंवा ज्याला त्या बाईने आंघोळ घातली, त्यांनाच विचारा. आणि मारहाण करणाऱ्या एखादीला तुम्ही गुपचूप काढलं असेल, तर पोलिसांत जाऊन लिहून द्या. उद्या तिला कोणीतरी ठेवणार आहे. आज जा.