पोटातल्या बाळाचा मोतीबिंदू

पोटातल्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, असं सोनोग्राफीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा ताईची सासू हसली. खरंच हसली. "मोतीबिंदू तं माह्या दिराले झालता, सत्तरीत. हे पोटातच म्हातारं झालं का वं?"

ताई माझी चुलत बहीण. सेलूकडच्या एका खेड्यात, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या घरी दिलेली. पाचवा महिना सरत आला होता. दवाखान्यात बोलायला कोणीतरी पाहिजे म्हणून तिनं मला सोबत नेलं होतं. मी एका संघटनेत काम करते, गर्भलिंग तपासणी आणि अंधश्रद्धा यांच्यावर पत्रकं लिहिते आणि आठवडी बाजारात वाटते. तिच्या सासरी माझी ओळख एका शब्दात सांगतात, भांडखोर.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर बाळाचा चेहरा धरून ठेवला. निरोगी बाळाच्या डोळ्यातलं भिंग तिथं काळं दिसतं, भोवती बारीक पांढरी कडी. या बाळाचे दोन्ही डोळे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे होते. "फार रेअर फाइंडिंग आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी आणखी दोघांना. चार डोकी पडद्यावर वाकली, मोबाइल निघाले, फोटो झाले. कोणीतरी म्हणालं, सुंदर केस आहे. ज्या बाईच्या पोटावर ते यंत्र फिरत होतं तिच्याकडं एकाचीही मान वळली नाही.

"बाईचं तोंड इकडं आहे," मी म्हणाले. तेव्हा कुठं वळली. मग मात्र डॉक्टरबाई नीट बोलल्या. असा मोतीबिंदू आईबापाकडून येऊ शकतो, कधी गरोदरपणातल्या तापानं होतो. रक्त तपासू, आणि दोघा नवराबायकोचे डोळे डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवून या.

बाहेरच्या बाकावर येईपर्यंत सासूकडं कारण तयार होतं. "ग्रहणात इनं पालक छाटला. मी म्हणत होती, विळा हाती घेऊ नको."

साफ खोटं. ताईनं मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. म्हणून ऐन ग्रहणात पालकाचा ढीग सासूनंच ताईपुढं ओतला होता, मुळं छाटून जुड्या बांध म्हणत. ताईनं ग्रहणाची आठवण करून दिली तर सासू म्हणाली होती, "आपल्याकडं कुठं दिसते पुरं?" बाजार सांभाळायचा तेव्हा ग्रहण अर्धं होतं, आता पुरं झालं.

मग ती संत्रं सोलायला बसली. पहिली फोड मला दिली, पाहुणी म्हणून, आणि शेजारी बसलेल्या मुलाला, ताईच्या नवऱ्याला, म्हणाली, "पोरगा हाय का पोरगी, तेवढं काढ कोठून तरी. पोरगा असला तं ठेवू, आंधळा का होईना. पोरगी असली तं खाली करून टाकू. आंधळी पोरगी कोण करते बाप्पा?"

हे वाक्य मी किती पत्रकांत ठळक अक्षरांत छापलं आहे. पण छापणं वेगळं. इथं तिच्या हातची फोड माझ्या तोंडात होती. मी उठून नळावर गेले आणि थुंकून आले.

"हे विचारणंसुद्धा गुन्हा आहे, मावशी," मी म्हणाले.

"तुले कोण विचारून राह्यलं, पोरी?"

ताईला तर कोणीच विचारून राह्यलं नव्हतं. ती पोटावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होती. मूल तिचं होतं, आणि ते राहणार की जाणार हे संत्र्याच्या सालींवर ठरत होतं.

पुढच्या आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. ताईच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, आधी खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "माह्या डोळ्याले काऊन पाह्यता? पोट तिचं हाय." शेवटी डॉक्टरांनी दोघांच्याही डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या. ताईची भिंगं स्वच्छ निघाली. भाऊजींनी यंत्रावर हनुवटी टेकली आणि डॉक्टरांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, मग पुन्हा पहिला.

"रात्री समोरून गाडी आली की त्रास होतो का?"

"नाई."

"होते," ताई म्हणाली. त्या दिवसातला तिचा पहिला शब्द. "नागपूर रोडवर ट्रक आला का गाडी बाजूले घेऊन थांबते हे. मले म्हणते, चाकातली हवा पाहून राह्यलो."

त्यांच्या दोन्ही भिंगांत बारीक निळसर ठिपके होते, जन्मापासूनचे. त्यांना पुरेसं दिसत होतं म्हणून कधी कळलं नव्हतं. तोच दोष बाळात जास्त उतरला असावा, असं डॉक्टरांनी समजावलं. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन केलं, नंतर चष्मा आणि तपासण्या वर्षानुवर्षं सांभाळल्या, तर मुलाला बऱ्यापैकी दिसू शकतं. उशीर केला तर मेंदू बघायला शिकतच नाही, मग ऑपरेशनचाही उपयोग नाही. आणि ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी मुद्दाम दोनदा वदवून घेतलं.

पायऱ्या उतरताना भाऊजींना उन्हात डोळे उघडवत नव्हते. ताईचा हात धरून ते बसस्टँडपर्यंत आले. आणि त्याच हाताला धरून म्हणाले, "घरी हे बोलायचं नाई. ग्रहणाचंच सांगायचं."

कारण होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. घराण्यात डोळ्याचा दोष आहे हे सोयऱ्यांना कळलं तर लग्न मोडेल. सुनेचा दोष असला तर काहीच मोडत नाही. मी बसमध्ये त्यांच्याशेजारी बसले नाही. मागं उभी राहिले. चीड नव्हती ती, किळस होती. उघड्या गटाराशेजारी आपण नाक दाबतो, तशी.

पुढच्या रविवारी घरात शांती ठेवली. ग्रहणात हत्यार धरल्याचा दोष जावा म्हणून ताईनं सगळ्या सोयऱ्यांपुढं पाटावर बसायचं आणि माफी मागायची. हे कळल्याबरोबर मी गेले. ताई बोअरजवळ मेथीची भाजी धूत होती.

"तू बसू नको," मी म्हणाले. "मी उद्याच पत्रक काढते. नाव टाकत नाही, पण ठिपके कोणाच्या डोळ्यांत निघाले ते लिहिते. अख्ख्या गावात वाटते."

"काढ," ती म्हणाली. हात थांबला नाही. "मंग हे मले माहेरी पाठवतीन. ऑपरेशनले कोण नेईन? तू?"

"मी नेईन."

"वर्षानुवर्षं?"

 तिनं पाणी निथळवत जुडी टोपल्यात ठेवली. "म्या कबूल केलं हाय. शांतीले बसते, चूक माही म्हणते, यायच्या डोळ्याचं तोंडातून काढत नाई. पण बाळ जन्मलं का नागपूरले न्यायचं, पोरगा असो का पोरगी. आणि तपासायले कोठी जायचं नाई. देवापुढं दिवा लावून यायच्याकडून आणि सासूकडून वचन घेतलं."

"खोट्यावर?"

"पोरगं खरं हाय ना."

ती बसली. मी ओसरीतून पाहिलं. भटजींनी सांगितलं तसं ती म्हणाली, माझ्या हातून चूक झाली. पालकाचा ढीग ओतणारी बाई शेजारी हात जोडून उभी होती, डोळे पाणावलेले. आणि ज्यांच्या भिंगात ठिपके ते माझे भाऊजी पंगतीत बुंदी वाढत होते. माझ्या पानावर पडलेली बुंदी मी तशीच ठेवली. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, संघटनेवाल्यायले गोड चालत नाई.

मुलगी झाली. वचन पाळलं, हेही लिहिलं पाहिजे. वेळेत नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं. मी नागपूरच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पट्टी निघाली होती. ताई बोटानं पापणी अलगद ओढून थेंब टाकत होती आणि पोर तिच्या बांगडीकडं बघत होती. खरंच बघत होती. बांगडी हलली की नजर हलायची.

सासू शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "ग्रहणाचं होतं. आमच्या सुनेच्या हातून झालतं. शांती केली, तं उतरलं पाहा." ती बाई हात जोडून ऐकत होती. तिचं बाळही डोळ्यांसाठीच आलं होतं. कुठं केली, कोणत्या भटजीकडं, हे तिनं विचारायला सुरुवात केली. भाऊजी खिडकीबाहेर बघत उभे होते.

मी तोंड उघडलं.

"तू बाहेर जाय वं," ताई हळूच म्हणाली, थेंबाची बाटली बंद करत. "तुह्या तोंडावर सारं दिसून राह्यलं. आणखी लय वर्षं यायच्या संगं दवाखान्यात यायचं हाय मले."

मी बाहेर गेले.