खाकी कव्हरातली द्राक्षं

तमाम नाशिककरांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, आमच्या घरी द्राक्षाचा एकही वेल नव्हता. एक तुळस होती, तीही मरायला टेकलेली. तरीही सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा वडील महिनाभर एकच पुस्तक घेऊन ओट्यावर बसत. त्याला खाकी कव्हर होतं आणि त्यावर त्यांच्या टपोऱ्या कारकुनी अक्षरात लिहिलं होतं, ‘द्राक्ष लागवड’.

आत होता स्किझोफ्रेनिया. रुग्णाच्या घरच्यांसाठी लिहिलेलं ते इंग्रजी पुस्तक डॉक्टरांनी दिलं होतं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हे वेषांतर! ते इतकं वठलं की शेजारचे काका दिंडोरीच्या मेहुण्याच्या बागेचे प्रश्न आणू लागले.

"साहेब, पानांवर भुरी पडलीय. कुठलं औषध मारू?"

वडिलांनी गंभीरपणे पान उलटलं. "घाई करू नका. धीर धरा."

पुस्तकात खरंच तेवढंच होतं.

रुग्ण म्हणजे माझा थोरला भाऊ. ओझरला नोकरीला लागला आणि वर्षभरात त्याला आवाज ऐकू येऊ लागले. गोळ्या तो थुंकून टाकायचा, म्हणून आई त्या कुटून त्याच्या आमटीत घालायची. काही दिवसांनी दादाला वाटू लागलं, आपल्या जेवणात काहीतरी मिसळतात. त्यानं ताटच सोडलं. स्वतः सोलता येईल तेवढंच खायचा, केळी आणि शेंगा. सदरा अंगावर लोंबू लागला. टरफलं गोळा करणं, एवढंच माझ्या हातात होतं.

एका रविवारी वडील "सापडलं!" असं ओरडत स्वयंपाकघरात आले. जेवणावर संशय घेणाऱ्यांसाठी पुस्तकात अख्खं प्रकरण होतं! दादा उंबऱ्यातच शेंगा सोलत बसला होता. वडिलांनी शब्दकोश मांडीवर घेतला, नाटकातल्या राजासारखा आवाज लावला आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. वाद घालू नका. हसू नका. रागावू नका. शब्द शोधण्याच्या भरात अर्थाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दादाचा हात थांबला. कितीतरी दिवसांनी तो आमचं ऐकत होता.

"त्याच्या डोळ्यांत बघून खरं तेच सांगा," वडील म्हणाले, "की जेवणात काहीही मिसळलेलं नाही."

आईची पळी आमटीतच राहिली.

"अहो, पण मी मिसळते ना!"