आजारी संत आणि देवदूताचं व्हायोलिन

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि भजनी मंडळात उभं आयुष्य व्हायोलिन वाजवत आले होते. तीन महिने झाले तरी तोंडातून 'अं'पलीकडे काही निघत नव्हतं. भेटायला येणारे त्यांच्यादेखत आईला विचारायचे, "कळतंय का काय त्यांस्नी?"

आई फटकन म्हणायची, "सगळं कळतंय की. बहिरं न्हाईत ते."

मी इथंच एका कला महाविद्यालयात चित्रकलेचा इतिहास शिकवते. त्या आठवड्यात युरोपातल्या चारशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक चित्रांवर तास घ्यायचा होता. अण्णांच्या कॉटशेजारी चित्रांचं पुस्तक उघडून मी टिपणं काढत होते. एका चित्रात मरणाला टेकलेला संत चटईवर पडलाय आणि वर ढगात बसलेला देवदूत त्याच्यासाठी व्हायोलिन वाजवतोय. संताचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावरची कळ नुकतीच ओसरलेली. अण्णांनी डाव्या हातानं पुस्तक ओढून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग व्हायोलिनवर बोट ठेवलं आणि तेच बोट माझ्याकडं वळवलं.

दहावीनंतर मी व्हायोलिनच्या गजाला हात लावला नव्हता. त्यांनी हौसेनं शिकवलेलं मी सोडून दिलं, म्हणून वर्षभर आमच्यात अबोला होता. आता कपाटावरून व्हायोलिनची पेटी काढली, तारा कशाबशा जुळवल्या आणि मंडळाची रोजची चाल सुरू केली. नुसती किरकिर. लाज वाटत होती, पण थांबले नाही. दुसऱ्या ओळीला माझा गंधार, म्हणजे 'ग', जरा खाली लागला.

"ग... ग... वर घे."

अण्णा हे म्हणाले नाहीत, गायले. अगदी नेमक्या सुरात. आई कणकेच्या हातानं बाहेर आली नि दारातच उभी राहिली. मी मुद्दाम पुन्हा चुकले. ते पुन्हा गायले, या वेळी चिडून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी शाबूत राहतं. जे सांगायचंय ते चालीत म्हणू द्या. मग घरात चहासुद्धा चालीत मागितला जाऊ लागला. आईही त्याच चालीत उत्तर द्यायची, "साखर न्हाय मिळायची." हळूहळू चाल गळत गेली, शब्द उरले.

पाच महिन्यांनी दुसऱ्या तुकडीला तोच तास होता, तेव्हा त्यांना वर्गात घेऊन गेले. पडद्यावर तेच चित्र होतं. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय चित्र?"

अण्णा काठीवर भार देऊन उठले.

"ब्येस हाय," एकेक शब्द जपून ठेवावा तसं ते म्हणाले. "पर त्या देवदूताचं कोपर... लई वर हाय. असं धरलं तर... खांदा दुखंल त्याचा."

आधी हशा पिकला, मग टाळ्या थांबेनात. मी त्यांना खाली बसवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. त्यांना पुढचं चित्र बघायचं होतं.