मदी बग गो

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं नुसते वाचतेय. लिहिणारे घाबरले असतील, थकले असतील, असं म्हणून सोडून द्यायचे. मी डॉक्टर आहे, इमर्जन्सीत काम करते. जे स्क्रीनवर दिसतं तेवढंच खरं मानायची सवय… पण हे कुठंतरी सांगायलाच हवं.

सीवूड्सजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी नोकरीला आहे. मूळ मी नेरूळचीच, आगरी. आता बिल्डिंगमध्ये राहतो, घरात सगळे शुद्ध मराठी नाहीतर इंग्रजीच बोलतात. आमच्या बोलीत माझ्याशी बोलणारे शेवटचे माझे बाबा. मी मेडिकलला असतानाच ते गेले. मला डॉक्टर झालेलं त्यांनी पाहिलंच नाही.

त्या दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले – राजन अंकल. तमिळ माणूस, रबाळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. डाव्या कुशीत भयंकर दुखत होतं. बायको सांगत होती, यांना मुतखड्याचा जुना त्रास आहे. मी सोनोग्राफीचं छोटं मशीन खाटेपाशी ओढलं आणि प्रोब कुशीवर ठेवला. डावी किडनी थोडी सुजलेली दिसली. मुतखडाच, दुसरं काय! बाहेर पेशंट ताटकळलेले. इंजेक्शन देऊन ऑब्झर्वेशनला ठेवायचं ठरवलं आणि प्रोब पुसायला घेतला.

तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच होते. हळू आवाजात, अगदी स्वच्छ म्हणाले,

"मदी बग गो, चिमे."

चिमे मला एकटे बाबाच म्हणायचे. लहानपणी ते मला खाडीवर खेकडे, आमच्या चिंबोऱ्या, धरायला न्यायचे. मी चिखलाला घाबरून कडेकडेनंच चाचपडायची. ते गुडघाभर पाण्यात उभे, लुंगी खोचलेली, हसत ओरडायचे – काठाला काय बगतंस, मदी बग गो, चिमे! परत येताना टोपली त्यांच्या डोक्यावर आणि मी खांद्यावर. अंगाला मिठाचा, चिखलाचा वास… तो वास त्या क्षणी खाटेपाशी आला का? मी शपथेवर सांगू शकणार नाही.

मी प्रोब पोटाच्या मधोमध ठेवला. महाधमनी फुग्यासारखी फुगली होती. मुतखडा नव्हताच. तशीच धावत जाऊन सर्जनना फोन केला. सीटीला नेईपर्यंत बीपी घसरायला लागलं होतं, धमनीतून रक्त झिरपत होतं. लगेच ऑपरेशनला घेतलं. अंकल वाचले.

नंतर मी त्यांच्या बायकोला विचारलं, यांना मराठी येतं का? त्या हसल्या. म्हणाल्या, "बेटा, इनको तो हिंदी भी ठीक से नहीं आती." अंकलना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं.

सोबतच्या डॉक्टरचं म्हणणं, कारखान्यात आगरी माणसं असणारच, कानावर पडलं असेल, वेदनेत तोंडून निघालं. असेल. पण माझं नाव? माझ्या बॅजवर तर भलतंच लांबलचक नाव आहे. आणि नेमकं मधेच बघायला का सांगितलं?

डिस्चार्जच्या दिवशी मी वॉर्डात गेले. अंकल खिडकीशी बसून इडली खात होते. आणि कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"आता बरा हाय ना, बाबा?"

त्यांनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"मॅडम, समझा नहीं," ते म्हणाले. "अच्छा लगता है सुनने को. फिर से बोलो."

मी पुन्हा म्हटलं.